रिकामा उतार

"बाई, ती किटली केव्हाची कोकलतेय," असं तो म्हातारा म्हणाला, तेव्हा चाव्या घासायचं यंत्र बंद होतं, बाजारात दुपारची सुस्ती होती आणि समोरच्या पावाच्या गाळ्यावरची बाईसुद्धा गप्प उभी होती. म्हणजे दुसरा आवाज झाकून टाकील असं आसपास काहीच नव्हतं. ग्लेनिस थर्लबीनं मान वळवली. मागच्या फळीवर छोट्या गॅसवर किटली थरथरत होती, नळीतून वाफेचा पांढरा सोटा सरळ निघत होता, नळीवरची पत्र्याची शिटी जागच्या जागी होती. आवाज तेवढा नव्हता. "कान किटले की माझे," म्हातारा हसून म्हणाला आणि त्यानं चावी उजेडात धरून पाहिली. ग्लेनिसनं गॅस बंद केला आणि "शिटी बिघडलीय," असं काहीतरी उत्तर दिलं, ज्याला अर्थ नव्हता, कारण बिघडलेली शिटी कुणाचे कान किटवत नाही. तो गेल्यावर तिनं किटलीत पुन्हा पाणी भरलं, गॅस पेटवला आणि किटलीकडे नाही, समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. वाफ धरली. मग त्या बाईच्या कपाळाला आठी पडली, तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी एक बोट कानात घातलं. ग्लेनिसला वाटलं, आपण काचेमागे उभ्या आहोत आणि काचेपलीकडे काहीतरी फार मोठ्यानं चाललं आहे.

कुणाला वाटेल की बाईला आता डॉक्टर आठवला असेल, म्हातारपण आठवलं असेल. एकोणसाठाव्या वर्षी आठवायलाही हरकत नव्हती. पण तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं कावळरान. स्केल्डबी गावाच्या वरच्या अंगाचा तो ओढ्याच्या पूर्वेचा लांब उतार, गहू काढून नेलेला, पिवळ्या खुंटांचा, दोऱ्या ताणून आखलेला, आणि त्याच्यावर ती स्वतः, कानांवर हेडफोन, हातात जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर, तीन शनिवार आणि तीन रविवार, वीस पट्ट्या, वरून खाली, खालून वर. आणि काही नाही. खिळे, नालांचे तुकडे, नांगराचा फाळ, एका बटणाची अर्धी चकती, शिशाच्या अवघ्या चार गोळ्या. खाली ओढ्याकाठच्या कुरणात बाकीच्यांना दीडशे गोळ्या सापडल्या होत्या. वर चार. इशबेलनं, म्हणजे राजा आणि पार्लमेंट यांच्या जुन्या लढाईच्या या सगळ्या शोधाच्या मुख्य असलेल्या पुरातत्त्वाच्या बाईनं, लॅपटॉपवर नकाशा दाखवला होता: ओढ्याकाठी लाल ठिपक्यांची दाटी आणि वरचा उतार, चार ठिपके सोडले तर, स्वच्छ पांढरा. "लढाई खालीच झाली आणि खालीच संपली," ती म्हणाली होती. "राजाच्या बाजूचे लोक एक फैर झाडून वर पळाले असणार. उतारावर कुणी उभंच राहिलं नाही." तो उतार आता गोदामांना मोकळा होणार होता. अहवाल सोमवारी जायचा होता. आणि तो पांढरा रंग सगळाच्या सगळा ग्लेनिसच्या कानातून आलेला होता.

तिला तो उतार एकटीला दिला होता तोही कानामुळेच. तिथं पूर्वी लोहाराची भट्टी होती, जमीन खिळ्यांनी भरलेली, आणि लोखंडाच्या गुरगुरीतून शिशाचा एक बारीक सूर वेगळा काढायचा तर डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात एकच कान होता. 'जिथं खिळे, तिथं ग्लेनिस,' असं क्लबातला आयव्हर क्लेपोलसुद्धा म्हणायचा, आणि आयव्हरनं कुणाला बरं म्हणावं हे वर्षा-दोन वर्षांतून एकदा. आपल्या यंत्राचा सूर तिनं कितीतरी वर्षांपूर्वी असा लावून घेतला होता की लोखंड म्हशीसारखं हंबरायचं आणि शिसं, चांदी, पितळ एकदम वर, घरट्यातलं पिल्लू चिवचिवतं तितकं वर. यंत्रावरच्या आकड्याच्या काचेवर तिनं काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. "बघणाऱ्यांनी बघावं. मी ऐकते," असं ती नव्या लोकांना सांगायची, आणि ते सांगताना आपली मान जरा ताठ होते हेही तिला ठाऊक होतं. हा तोरा तिला वडिलांकडून आला होता. वडील मूळ स्केल्डबीचे. शहरात येऊन त्यांनी बाजारात चाव्यांचा हा गाळा टाकला, आणि गिऱ्हाइकानं चावी लाकडावर टाकली की न बघता सांगायचे, पितळ, पोलाद, निकेलचा मुलामा. तिला बाकाखाली बसवून ते चाव्या टाकत राहायचे आणि ती ओळखत राहायची. दहातल्या दहा आल्या की ते काही बोलायचे नाहीत, नुसती तिच्या कानाची पाळी धरून हलकेच ओढायचे. तो कान. एकतीस वर्षं त्याच गाळ्यात, त्या किंचाळणाऱ्या चाकाशेजारी, कानावर काही न घालता उभा राहिलेला कान. चाकानं तो थोडा थोडा घासत नेला होता, जशी चावी घासतात, आणि भुकटी कुठं पडली हे कळलंही नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं घरी बैठकीतला गालिचा उचलला, शिशाची एक गोळी फरशीवर ठेवली, वर मासिकांचा वीतभर उंच गठ्ठा रचला, गालिचा पुन्हा पसरला आणि डिटेक्टर त्याच्यावरून फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. काही नाही. मग नखानं त्या काळ्या चिकटपट्टीचं टोक उचललं. ती इतकी जुनी होती की निघताना डिंकाच्या तारा सुटल्या. काचेमागे आकडे होते. तिनं यंत्र फिरवलं आणि आकडा शून्यावरून उडी मारून चौसष्टवर गेला. पुन्हा चौसष्ट. यंत्र तिच्या कानात ओरडत होतं, गोळीवरून जाताना दर वेळी ओरडत होतं, आणि तिच्या डोक्यात मात्र सुनसान. ती गुडघ्यांवर बसली. आपल्याला आता रडू येईल म्हणून तिनं जरा वाट पाहिली. पण पोटातून जे वर आलं ते रडू नव्हतं. ते होतं, मग रान रिकामं नाही! तिनं यंत्र भिंतीला टेकवलं आणि खोलीत येरझारा घालू लागली. चार गोळ्या तिला ऐकू आल्या होत्या त्या वरवरच्या असतील, नांगरानं उपसलेल्या, मोठ्यानं ओरडणाऱ्या. वीतभर खोल असलेल्या सगळ्या, सगळ्या तिथंच आहेत! सहा दिवस आपण त्यांच्या डोक्यावरून चालत गेलो आणि त्या खालून हाका मारत राहिल्या. वीस पट्ट्या, आणि एकही खोल उकरलेली नाही. असं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं आणि अशी शरमही झाली नव्हती, आणि दोन्ही एकमेकांत अशी मिसळली होती की कुठलं कुठलं हे सांगता आलं नसतं. ती स्वयंपाकघरात गेली, मनुकांच्या पावाची जाड चकती कापली, तिच्यावर चीज ठेवलं आणि उभ्यानंच खाल्ली. मग आणखी एक.

झोप आली तीही तुकड्यातुकड्यांनी आणि प्रत्येक तुकड्यात दोऱ्या ताणलेल्या. शनिवारी सकाळी गाडी चालवताना तिच्या मनात आलं की सांगायचं कशाला? कुणाला कळणार आहे? सोमवारी कागद जाईल, पुढचं पीक निघालं की बांधकामाची यंत्रं येतील, वर सपाट छपरं उभी राहतील आणि क्लबात तिचा कान तिचाच राहील. हा विचार तिच्याशेजारच्या सीटवर एखाद्या ओळखीच्या माणसासारखा पाच-सहा मैल बसून होता. त्याच्याशी भांडायचंही तिला सुचलं नाही. पण तिच्या वडिलांच्या मनाला एक गोष्ट लागायची. शहरातल्या दारूच्या गुत्त्यात कुणी ग्लास अर्धा टाकून लवकर उठला की बाकीचे म्हणायचे, "काय रे, स्केल्डबीचा का तू?" कारण स्केल्डबीचे लोक राजाच्या लढाईत जेवणाआधी पळाले, अशी पावणेचारशे वर्षांची गोष्ट. ज्यांना राजा कोण आणि पार्लमेंट कुठलं हे सांगता येणार नाही तेही ही म्हण वापरायचे. वडील हसायचे. मोठ्यानं हसायचे, सगळ्यांच्या आधी हसायचे. आणि घरी येऊन बूट काढताना एकदा, फक्त एकदाच, म्हणाले होते, "कुणी पाहिलंय?" ती दहा वर्षांची होती. कुणी पाहिलंय, हे त्यांनी तिला विचारलं नव्हतं, बुटाला विचारलं होतं. आता त्या उतारावरच्या पांढऱ्या रंगानं ती म्हण कायमची छापली जाणार होती, शास्त्रानं, नकाशानं, आणि त्यावर सही कुणाची, तर त्यांच्याच मुलीच्या कानाची.

शोधातले सगळे अकरा जण रानाशेजारी गाडीच्या बॉनेटभोवती जमले होते, थर्मासच्या झाकणांतला वाफाळता चहा हातात. इशबेल शेवटच्या दोन दिवसांचं काम वाटत होती: सगळे ओढ्याकाठी, कुरणाचा राहिलेला कोपरा. रविवारी सहाला परवानगी संपत होती. सोमवारी शेतकरी पेरणीला लागणार होता. इशबेल जेमतेम तिशीची, स्कॉटलंडची, ठिपक्याठिपक्यांच्या चेहऱ्याची, आणि घाई झाली की तिचे शब्द एकमेकांवर चढायचे.

"मला एक सांगायचंय," ग्लेनिस म्हणाली. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. (किती दिवस आपण असं मोठ्यानं बोलतो आहोत?) "वरचा उतार पुन्हा करायला हवा. माझ्या पट्ट्या. सगळ्या."

"का?" इशबेलनं विचारलं. "तुमच्या पट्ट्यांत काय झालं?"

"मला ऐकू येत नाही."

मग आयव्हर, सहा फुटी, लालबुंद नाकाचा, रेल्वेतून निवृत्त झालेला, ज्याच्याशी ती बावीस वर्षं गोळी-गोळीवरून भांडत आली होती, तो म्हणाला, "हे मी तुला दहा वर्षं सांगतोय. तू ऐकतच नाहीस."

"चेष्टा नको, आयव्हर. वरचा सूर गेलाय माझा. गुरुवारी कळलं. घरी गोळीवर करून पाहिलं. यंत्र ओरडतं, मला काही नाही."

"कधीपासून?" इशबेल म्हणाली.

"ते तर कळत नाही ना. जे ऐकू येत नाही ते कधीपासून येत नाही, कसं सांगू?"

इशबेलनं लॅपटॉपकडे पाहिलं, त्या पांढऱ्या भागाकडे. ग्लेनिसला तिची मान लाल होताना दिसली. तिनं याच पांढऱ्या रंगावर चाळीस पानं लिहिली होती. "अहवाल लिहून झालाय," ती हळू म्हणाली, मग ग्लेनिसला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली. "लिहून झालाय हो! दोन दिवसांत अख्खा उतार? आणि खाली कुरण अर्धं सोडायचं? वर खरंच काही नसलं तर?"

"एक पट्टी दे," ग्लेनिस म्हणाली. "एक तास. बारावी पट्टी. मी नाही, आयव्हर करेल. मी नुसती झेंडे लावीन. काही निघालं नाही तर मी स्वतः खाली येऊन सगळ्यांचे खड्डे बुजवीन."

"मी का करू?" आयव्हर म्हणाला. "माझं यंत्र माझ्या कानाला जुळवलंय, तिथल्या खिळ्यांत मला वेड लागेल. तूच कर. इकडे आण ते." त्यानं तिच्या हातातून डिटेक्टर घेतला, काचेवरचा चिकटपट्टीचा डाग पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि मोठा शेरा मारायची संधी असून मारला नाही. जाड बोटांनी तो बटणं दाबत बसला, सूर खाली, अजून खाली. "लोखंडाचा आवाजच बंद केलाय मी. शिशाचा इतका खाली आणलाय की बैल ओरडल्यासारखा येईल. आला तर. वाजव बघू." कुणीतरी गवतात गोळी टाकली. ग्लेनिसनं यंत्र फिरवलं आणि तिच्या कानात कुणी रिकाम्या पिंपावर मूठ मारावी तसं 'धोम्' झालं. ती इतकी दचकली की सगळे हसले, आणि त्यांच्या हसण्यात ती स्वतःही सामील झाली.

बाराव्या पट्टीत पहिली वीस मिनिटं काही नाही. आवाज नसणं आता वेगळं झालं होतं. पूर्वी शांतता म्हणजे शांतता होती, विश्रांती होती. आता प्रत्येक पावलाला ती संशय घेत होती, ही जमिनीची की माझी? पाय खुंटांवरून कर्रकर्र चालत होते, म्हणजे तसे वाजत असणार, तो आवाज तिला तळव्यांतून कळत होता. पाठीमागे आयव्हर झेंड्यांचा भारा काखेत धरून चालत होता आणि मध्येच म्हणत होता, "काही नाही?" "काही नाही." इशबेल दोरीपलीकडून घड्याळ बघत होती. ग्लेनिसच्या मनात आलं, खरंच नसेल तर? खरंच पळाले असतील तर? तेव्हा माझा कान निर्दोष, आणि वडील… आणि तेवढ्यात पिंपावर मूठ पडली.

ती थांबली. उलट फिरवलं. धोम्. आडवं फिरवलं. धोम्. "आयव्हर," ती म्हणाली. तो आधीच गुडघ्यांवर होता. त्यानं मातीचा चौकोनी गड्डा कापून उलटला, तिनं नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र खड्ड्यात खुपसलं, अजून खाली, अजून, आणि कोपरापर्यंत हात गेल्यासारखा वाटला तेव्हा बोटांत आली ती गोल, जड, गार, राखाडी-पांढरी, कुठेही न चेपलेली. "झाडलेली नाही," आयव्हर म्हणाला. "हातातून पडलीय." त्यानं लाल झेंडा रोवला. त्याच्यापासून दोन पावलांवर दुसरी. मग तिसरी, ही मात्र एका अंगानं थापल्यासारखी चपटी, कशावर तरी आदळलेली. "ही आलेली," ग्लेनिस म्हणाली. "पहिल्या दोन इथल्या, ही खालून आलेली." इशबेल दोरी ओलांडून धावत येत होती, धावताना काहीतरी ओरडत होती, तोंड हलत होतं, शब्द वाऱ्यावर. तासाभरात नऊ झेंडे झाले. दुपारी कुरण सोडून सगळे अकरा जण वर आले होते, आणि जेवायला कुणी बसलं नाही. उभ्याउभ्यानं सँडविचं खात, एका हातानं यंत्र फिरवत, चिखलाच्या बोटांनी एकमेकांना बोलावत. ग्लेनिसला लहानपणीच्या समुद्रकिनाऱ्याची आठवण येत होती, ओहोटीनंतर वाळूत सगळं उघडं पडतं आणि पोरं एकाच वेळी दहा दिशांना पळतात, तसं. कुणी तिला दोष देत नव्हतं. कुणाला वेळच नव्हता.

रविवारी चारच्या सुमाराला इशबेलनं तिला उताराच्या माथ्यावर बोलावलं. तिथून पाहिल्यावर झेंडे दिसत होते, दोनशेच्या वर, आणि ते कसेही पसरलेले नव्हते. उताराच्या मध्यावर, ओढ्याला तोंड करून, एक लांब, किंचित वाकलेली लाल रेघ होती. रेघेत न झाडलेल्या, हातातून पडलेल्या गोळ्या. रेघेच्या पुढे आणि मागे आदळलेल्या. इशबेलच्या हातात लॅपटॉप होता पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. "इथं उभे राहिले ते," ती म्हणाली. आज ती प्रत्येक वाक्य ग्लेनिसकडे तोंड करून बोलत होती. "खालून हटले, पण पळाले नाहीत. इथं पुन्हा रांग धरली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण दोन-चार फैरींचं हे काम नाही. मी शुक्रवारी काय लिहिलं होतं माहीत आहे? 'उतारावर प्रतिकाराचा पुरावा नाही.' उद्या ते जाणार होतं. आता फोन केलाय मी. उद्या काही जात नाही, आणि गोदामवाल्यांनाही थांबावं लागेल." मग तिनं लॅपटॉप मिटला. "तुम्ही बोलला नसतात तर…"

"बोलायचं नाही असं गाडीत येताना ठरवत होते मी," ग्लेनिस म्हणाली.

"हे मी ऐकलं नाही," इशबेल म्हणाली.

ग्लेनिसला वडिलांना सांगावंसं वाटलं, आणि ते नाहीत हे नेहमीसारखं दुखलं नाही. तिचे पाय थांबायला तयार नव्हते. अजून जवळजवळ दोन तास होते. ती रेघेच्या उत्तरेकडच्या टोकाला गेली, बांधाजवळ, जिथं तीन आठवडे ते सगळे चहाला बसत होते आणि म्हणून जिथं कुणीच यंत्र फिरवलं नव्हतं. बसायच्या जागेवर कुणाला संशय येत नाही. पिशव्या उचलून बाजूला टाकल्या. धोम्. गोळी नव्हती ती. अंगठ्याच्या पेराएवढं शिशाचं टोपण, चेपलेलं, काठाला दोन कान. आयव्हरनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पोरासारखा झाला. "बंदुकीच्या दारूच्या कुपीचं," तो म्हणाला. "खांद्यावरच्या पट्ट्यात बारा लाकडी कुप्या असायच्या, एका बाराची दारू एका कुपीत. घाईत टोपण उपटून फेकायचे." तिथंच, हात पुरेल एवढ्यात, दुसरं. तिसरं. आयव्हर खणत होता, ती फिरवत होती, इशबेल येऊन पिशव्यांवर क्रमांक टाकू लागली. दीड-दोन पावलांच्या वर्तुळात टोपणं निघत होती, सहा, सात, आठ, जणू कुणी एकाच जागी पाय रोवून उभा होता आणि एकेक उपटून पायाशी टाकत होता. पावणेसहाला अकरा झाली.

"एकाच माणसाची?" ग्लेनिसनं विचारलं.

"शास्त्रानं सांगायचं तर दोघांचीही असतील. तिघांचीही," इशबेल म्हणाली. पण तिनं अकराही पिशव्या एका ओळीत मांडल्या.

"बारावं?"

आयव्हर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्यानं वर माथ्याकडे पाहिलं. "एवढं झाल्यावर कुणीही निघेल गं. वर बघ. पळताना पडलं असेल."

"वर तू बघ," ती म्हणाली आणि खाली वळली.

तिनं का वळावं हे तिलाही सांगता आलं नसतं. खालून संध्याकाळचं तिरपं ऊन सरळ डोळ्यांत येत होतं, ओढा दिसत नव्हता, नुसता उजेड होता, आणि त्या उजेडातून त्या दिवशी जे येत होतं ते घोड्यांवरून येत होतं. अकरा वेळा बार भरलेला माणूस. त्याचे हात कसे झाले असतील, काळे, भाजलेले, त्याचे कान! त्याला तरी अकराव्या बारानंतर काय ऐकू येत असेल? शेजारचा काय ओरडतो, अधिकारी काय ओरडतो, हटा म्हणतोय की उभे राहा म्हणतोय? ती त्याच्या बहिरेपणातून चालत होती, एक पाऊल, यंत्राचा एक फेरा, एक पाऊल. मागून इशबेलनं हाक मारली असावी, सहा वाजत आले असावेत. सतराव्या पावलाला पिंपावर मूठ पडली.

ती गुडघ्यांवर बसली, आयव्हरची वाट न बघता. माती इथं मऊ होती. टोपण नव्हतं, गोळी होती, न झाडलेली. तिनं ती अंगठ्यानं पुसली आणि अंगठा अडखळला. गोळीवर खळगे होते. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, खोल. आयव्हर धापा टाकत उतार उतरून आला, वर काही सापडलं नव्हतं, आणि त्यानं गोळी बघून शीळ घातली; ओठांचा चंबू तिला दिसला. "दात," तो म्हणाला. "तोंडात धरायचे ते गोळी. हात दोनच ना. एका हातात बंदूक, एका हातात दारू. आणि हा वर नाही, खाली निघाला होता."

"डुकरं पण चावतात," इशबेल धावत येऊन म्हणाली. "शेतात सापडलेल्या निम्म्या चावलेल्या गोळ्या डुकरांच्या असतात. प्रयोगशाळेत बघावं लागेल. मी आत्ता काही म्हणणार नाही." आणि मग, डोळे पुसत, "काही म्हणणार नाही."

"असेल डुक्कर," ग्लेनिस म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

इशबेल पिशवीवर क्रमांक लिहायला खाली बसली. आयव्हर झेंडा रोवायला वाकला. तेवढ्या वेळात ग्लेनिसनं गोळी तोंडात टाकली. तिचा विचार करून झालेला नव्हता. हात वर गेला आणि ती आत होती. गार, जड, मातकट, आणि त्या मातीखालून हळूच येणारी एक विचित्र गोडी. जिभेनं तिनं ती फिरवली, खळगे शोधले, आणि दाढा हळूच मिटल्या. वरची बसली. खालचीही जवळजवळ बसली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की तो आवाज तिला स्पष्ट, अगदी स्पष्ट ऐकू येत होता. समोर ऊन होतं. ती उठून उभी राहिली.

आयव्हरनं मान वर केली, तिच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, खाली इशबेलच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "थुंक ती, बाई. सहा वाजले."

तिनं मान हलवून नाही म्हटलं. अजून थोडा वेळ.